पहिली वेलांटी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गल्लीतल्या बाकीच्या पोरींना 'कमळ', 'बदक' अशी सोज्वळ मंडळी पहिल्यांदा भेटली. मला भेटला तो 'जाहीर निषेध'. त्याच्या पाठोपाठ 'तमाम मराठी भाषिक बंधू-भगिनींनो', आणि पानाच्या तळाला बारीक टायपात 'आपला नम्र', जो कधीच नम्र नसायचा. सीमेवरच्या शहापुरातल्या आमच्या घराला तीन खोल्या आणि मागे न्हाणी. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग. सकाळी आठला ते सुरू झाले की आमच्या कपबशांनासुद्धा ताल यायचा, आणि त्या खटाक-खटावर अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडीवर पॅड घेऊन पत्रक लिहायला बसायचे. त्यामुळे त्यांची वाक्यंही मागासारखी दोन ठोक्यांची: 'मागितले, आता मागणार नाही. सोसले, आता सोसणार नाही.' माग बंद असले की अण्णांना लिहायला सुचत नसे. गल्लीत वीज गेली की सीमाभागाचा लढा तेवढा वेळ थांबायचा.

पत्रकं छापली जायची भरपूर आणि वाटली जायची थोडी. उरलेली आई वापरायची. फडताळावर पत्रक, डब्याच्या तळाला पत्रक, माझ्या वह्यांना पत्रकाचं कव्हर, चिरमुऱ्याच्या पुडीला पत्रक. आईला राजकारणातलं काही कळत नाही, असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे. पण पिवळं पत्रक भज्यांचं तेल चांगलं पितं आणि गुलाबी पत्रकाचा रंग पुरीला लागतो, हे आईखेरीज कुणाला कळलं होतं? मी सातव्या वर्षी दोडक्याच्या भाजीविरुद्ध स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. 'दोडका लादणाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध! माता-भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?' आईनं ते वाचून घडी घातली आणि त्याच्यावर गरम कढई ठेवली. अण्णांनी मात्र 'प्रवृत्ती'तला वृ तपासला, बरोबर आहे म्हणून पाठ थोपटली, आणि दोडका खायला लावला.

माझं नाव अस्मिता. दुसरं काय असणार?

अण्णा एका वकिलांकडे कारकून होते. दिवसभर कोर्टाची कानडी कागदपत्रं लिहायची आणि संध्याकाळी मराठीसाठी लढायचं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांची कानडी सुरेख होती. 'कोर्टात बसून बसून शिकलो,' असं ते सांगत, खोकला कुठून लागला हे सांगावं तसं. घरात मात्र ते छापील मराठी बोलत. आई आणि आम्ही 'न्हाय', 'व्हय' करत असताना अण्णा 'नाही बरे' म्हणत, आणि चटणी मागतानाही कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी असे. 'सुसला' हा शब्द मराठी की कानडी यावर ते आईशी वाद घालत, आणि तो मिटेपर्यंत ताटातला चिरमुऱ्यांचा सुसला संपवत. रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांचा शुद्धलेखनाचा वर्ग. पहिली वेलांटी ह्रस्व, दुसरी वेलांटी दीर्घ. शब्दाच्या शेवटी आली की दीर्घच. ही चूक ज्यानं केली त्यानं ती पाटीवर पन्नास वेळा लिहायची. माझ्या पिढीतल्या शहापूरकरांची वेलांटी महाराष्ट्रातल्या मंत्र्यांपेक्षा बरी आहे, ती या वर्गामुळे. नोकऱ्या अर्थात मंत्र्यांनाच मिळाल्या.

इथे कुणी विचारेल की तिशीतल्या बाईनं आत्मकथन कशाला लिहावं. प्रश्न रास्त आहे. पण आमच्याकडे माणूस लवकर म्हातारा होतो. जन्मतःच त्याच्या हातात आई-बापाचं अपुरं काम देतात आणि 'हे पुरं कर' म्हणतात. विसाव्या वर्षी मी इतक्या निवेदनांखाली सही केली होती की ऐंशीव्या वर्षी करायला काही उरलं नव्हतं.

तर अण्णांची दंतकथा. अण्णा निपाणीच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातले. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी गावाच्या वेशीवर स्वतःच्या हातानं रंगवलेला मराठी फलक उभा केला. तासाभरात पोलीस आले, फलक उपटला, अण्णांना गाडीत घातलं. तेवढ्या तासाभरात त्यांच्या एका मित्रानं फोटो काढला: फलक, आणि फलकाला टेकून उभे अण्णा. तो मित्र पुढे वारला. त्याआधी त्यानं फिल्म धुऊन अण्णांच्या हातात दिली होती. तिचा कागदावर फोटो मात्र कधीच निघाला नाही. 'तेव्हाचे स्टुडिओवाले घाबरत,' असं अण्णा सांगत. 'नंतर?' असं विचारलं की, 'योग्य वेळ आली की काढू.' फिल्मची ती पट्टी गुंडाळून, वर एक जुनं पत्रक लपेटून, चहापावडरच्या पत्र्याच्या डब्यात, डबा खाटेखाली. चाळीस वर्षं योग्य वेळ आली नाही. मला यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या घरातल्या सगळ्याच गोष्टी योग्य वेळेची वाट पाहत होत्या.

मी एकवीसची असताना गल्लीतल्या मंडळानं अण्णांच्या साठीनिमित्त स्मरणिका काढायचं ठरवलं. अध्यक्ष परशराम, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला आणि बोलताना प्रत्येक वाक्याला व्यासपीठ लागणारा माणूस. त्यानं अण्णांना न विचारता जाहीर करून टाकलं: मुखपृष्ठावर वेशीवरच्या फलकाचं दुर्मीळ छायाचित्र. फ्लेक्सही लागला. त्याच सुमारास मीही जोरात होते. एका सरकारी कचेरीच्या नव्या पाटीवर 'मराठि' असं लिहिलं होतं, पहिल्या वेलांटीनं. मी पत्रक काढलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'मराठी हा शब्दच ज्याला पहिल्या वेलांटीने लिहावासा वाटतो, त्याच्या रक्तात मराठी नाही.' पाटी रंगवणाऱ्या पेंटरचं नावही मी शोधून छापलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बिचाऱ्याकडे गल्लीतली पोरं 'ए पहिल्या वेलांटी' म्हणून ओरडायला लागली, आणि मला वाटलं, जनजागृती झाली. छापण्याआधी अण्णांनी मसुदा वाचला होता. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "रक्त हा शब्द काढ." मी म्हटलं, का? तर म्हणाले, "जड होतो." मला वाटलं, शैलीबद्दल बोलताहेत. रक्त ठेवलं.

आणि मग नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं. फार नाही, गुडघाभर. वर्तमानपत्रात यावं इतकं नाही आणि खाटेखालचं काही सुटावं इतकं कमीही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आईनं डबा बाहेर काढला. झाकण उघडलं तर आत गढूळ पाणी, पाण्यात लगदा झालेलं पत्रक, आणि त्याला चिकटून फुगलेली फिल्म. परशराम धावत आला. मुखपृष्ठ बुडालं होतं ना.

"तांदळात ठेवा," तो म्हणाला. "मोबाइल भिजला की आमी तांदळातच ठेवतो. चोवीस तास."

"आणि मग भात करू व्हय?" आई म्हणाली.

मी उन्हात वाळवू म्हटलं. दोरीला चिमट्यानं लावायला हात वर केला, तेवढ्यात आईनं मारुतीमामाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मारुतीमामा आईचा धाकटा भाऊ, मूळ गुंजीचा. शहापुरात पंचवीस वर्षं त्याचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात कॅमेरे आल्यावर त्यानं तो बंद केला आणि पिरनवाडीला घर बांधून मिरच्या लावल्या.

"वाळवू नका!" फोनमधून मामा ओरडला. "खबरदार वाळवलासा तर. पाण्यातच राहू दे ते."

"अरे, पाण्यानंच तर बिघडलंय!" मी म्हणाले.

"म्हणूनच. स्वच्छ गार पाण्यात ठेव. वाळली की एकाला एक चिकटून दगड होतंय. वल्ली आहे तवर जित्ती आहे. मी येतो."

आमच्या चळवळीत कुणीही कधी दिला नसेल इतका उलटा आणि इतका उपयोगी सल्ला होता तो. पाण्यातून वाचवायचं म्हणून पाण्यात ठेवायचं. आईनं भाताचं मोठं पातेलं काढलं.

मामा आला तो हातात पिशवी घेऊन: जुने ट्रे, रबरी हातमोजे, तुरटीचा खडा. स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात गेलं. शेजाऱ्यांच्या फ्रीजमधून बर्फ आला. मामानं सांगितलं की फिल्म म्हणजे दोन गोष्टी असतात. एक पारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. चित्र असतं ते त्या थरात. थर म्हणजे दुधावरची साय समज, गरम झाली की फाटते, रगडली की जाते. दोन दिवस आमच्या घरात सगळं गार होतं, चहासुद्धा. पातेल्यातलं पाणी दर दोन तासांनी बदलायचं, ते काम माझं. मामा खाली वाकून, श्वास रोखून, गुंडाळीचा एकेक वेढा बोटाच्या पेरानं सुटा करायचा. सुटला की पुढचा; नाही सुटला की परत पाण्यात. घाई केली तर एका वेढ्याचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर जातं. पत्रकाचा लगदा तर फिल्मला असा बसला होता की 'बंधू-भगिनींनो'तले 'भगिनींनो' एका चौकटीवर उमटले होते.

"पत्रक वाचवू का फिल्म?" मामानं विचारलं. "दोनी न्हाय वाचत."

पत्रक वाचवू नये असं मोठ्यानं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. अण्णा पलीकडच्या खोलीत वाचत बसले होते. त्यांना विचारायला गेले तर पान उलटत म्हणाले, "दोन्ही गेले तरी चालेल. वस्तूंचा मोह बरा नव्हे."

मी धन्य झाले. असा विरक्त बाप कुणाला मिळतो? स्वयंपाकघरात येऊन मी मामाला ते भक्तिभावानं सांगितलं. मामानं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि लगदा काडीनं सोडवायला लागला. "दाजी एकदाबी इकडं आलं न्हाईत, बघितलीस?" एवढंच म्हणाला.

पट्टीवर सहा चौकटी होत्या. तीन धुऊन गेल्या, नुसती कोरी पट्टी. एकीत बैलाचं ढुंगण. एकीत आकाश, मित्र बहुधा पळत होता. फलकाची चौकट सहावी, गुंडाळीच्या अगदी आत, म्हणून वाचलेली. पण तिचा थर पट्टीपासून सुटून एका कोपऱ्यावर लोंबत होता. मामानं तुरटीचं पाणी केलं, थर त्यात घट्ट होऊ दिला, मग तो सगळाच पट्टीवरून सोडवून पाण्यावर तरंगवला. आयुष्यात एवढं नाजूक काही मी पाहिलं नव्हतं. धुरकट, सुरकुतलेला, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा तुकडा, आणि त्यात अण्णांचं सगळं आयुष्य. मामानं खालून काचेची पट्टी सरकवली आणि तो तुकडा काचेवर उचलून घेतला. काच न्हाणीत, धूळ नसलेल्या कोनाड्यात, उभी केली. आईनं तेवढा दिवस सगळ्यांना आंघोळीला बंदी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाचे सातआठ जण जमले. मामानं काचेमागे टॅबलेटचा पांढरा पडदा लावला, परशरामानं मोबाइलनं फोटो घेतला, बोटानं काहीतरी दाबून काळ्याचं पांढरं केलं. आणि ओरडला:

"अरे, हे तर कानडी हाय!"

मोबाइल हातोहात फिरला. खरंच. फलकावरची अक्षरं गोलसर, वळणदार, आणि एकही वाचता येत नव्हतं. वरच्या शिरोरेषा पाण्यानं खाल्ल्या होत्या. शेजारी उभा लुकडा पोरगा अण्णाच होते, नाक तेच. पण अण्णा कानडी फलकाला टेकून उभे? कुणीतरी 'विरोधकांनी फिल्म बदलली' म्हणालं. चाळीस वर्षं आमच्या खाटेखाली शिरून, चहापावडरच्या डब्यातली. ही शक्यता तीन मिनिटं गंभीरपणे चर्चिली गेली.

"गप बसा रं," मामा म्हणाला. "थर काचेवर घेताना पालथा पडलाय. आरशातल्यासारखं दिसतंय. उलटं करा त्याला."

परशरामानं उलटं केलं. फलकावर आलं: आमची मायबोली मराठी. टाळ्या पडल्या. कुणीतरी घोषणा दिली. आईनं चिरमुरे आणले. सगळ्यांनी अभिमानानं एकेकदा मोबाइल कपाळाला लावला आणि उत्सव रस्त्यावर गेला.

मोबाइलची प्रत माझ्याकडे राहिली होती. मी ती मोठी करून पाहिली. मग अजून मोठी. शुद्धलेखनाच्या वर्गात वाढलेल्या डोळ्यांना लोकांसारखं ढोबळ वाचता येत नाही, हा आमचा आजार. फलकावर लिहिलं होतं:

आमचि मायबोलि मराठि.

तीन शब्द, तीन पहिल्या वेलांट्या. तीनही ठणठणीत, जाड ब्रशनं, आत्मविश्वासानं काढलेल्या. उलट्या फोटोत प्रत्येक वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली होती. म्हणजे आरशात पाहिलं तर अण्णांचं शुद्धलेखन बरोबर होतं.

"बघितलीस न्हवं?" मामा ट्रे पुसत म्हणाला. "मी काल पाण्यातच बघितलं. कानडीत असंच लिवतात. मराठि. तिकडं शेवटची वेलांटी ह्रस्व. ह्यो हात मराठी शाळेत शिकलेला न्हवं, अस्मे."

"अण्णा निपाणीला मराठी शाळेत होते."

"आठवीपासून आसतील. त्याआदी?" मामानं ट्रे पिशवीत घातला. "तुझं ते पत्रक मी वाचलतं. रक्ताचं. झक्कास लिवलीस."

मी मोबाइल मांडीवर पालथा घातला. मामाला दया आली असावी. तो जवळ येऊन म्हणाला, "हे बघ, ह्यात काय न्हाय. लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्यांचे किती डोळे उघडलेत मी. तीन वेलांट्या हिकडच्या तिकडं करायला पाच मिनिटं. कुणाला कळतंय?"

दारात अण्णा उभे होते. कधी आले कळलं नाही. "करून टाक, मारुती," ते म्हणाले. "दीर्घ करून टाक."

त्या दिवशी मी बापाशी जे भांडले ते इथे सगळं लिहीत नाही. त्यातलं निम्मं त्यांच्याच पत्रकांतून घेतलं होतं. सत्याचा अपलाप, इतिहासाचं विकृतीकरण, असे मोठमोठे शब्द मी त्या तीन वेलांट्यांवर टाकले. तुम्ही पोरांना पन्नास पन्नास वेळा लिहायला लावलंत. मी एका पेंटरचं नाव छापलं, तुम्ही बघत बसलात. अण्णा भिंतीला पाठ लावून खाली बसले. पलीकडे माग चालू होते, तरी त्यांना वाक्य सुचत नव्हतं. शेवटी जे बोलले ते छापील नव्हतं.

"गावात एकच शाळा होती गं. कानडी. सातवीपर्यंत मी 'अ आ' न्हाय, 'ಅ ಆ' गिरवलो. पयला नंबर होता माझा. निपाणीला गेलो तर पोरं हसली माझ्या लिवण्याला. ह्यो बोर्ड मी त्या हसण्याला उत्तर म्हणून लिवला. पोलीसठाण्यात आधीच धरून आणलेला एक मास्तर होता. सगळ्यांच्या देखत म्हणाला, 'पोरा, लढतोयस चांगला, पण मराठी कधी शिकणार?' त्या दिसापास्नं शिकालोय."

मला वाटतं, माणूस शुद्धलेखनाचा इतका कडवा का होतो, याचं यापेक्षा सरळ उत्तर मी नंतर कुठे ऐकलं नाही. त्या वेळी मात्र मला दया आली नाही. एकविसाव्या वर्षी तत्त्वं ताजी असतात. "मग हेच छापा," मी म्हटलं. "हे छापा, नाहीतर माझं नाव स्मरणिकेतून काढा."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही दुसऱ्यांना म्हटलंत तेच."

तेव्हा आई, जिला राजकारणातलं काही कळत नव्हतं, जी आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली होती, ती वळली.

"लगीन ठरल्यावर ह्यांचं पयलं पत्र गुंजीला आलतं," ती म्हणाली. "चार पानांचं. 'तुझि आठवण येति.' सगळ्या वेलांट्या अशाच. मला शाळेत मराठीला पैकीच्या पैकी मार्क, मला काय कळालं न्हाय व्हय? मी काय पत्र परत पाठवलं? आठवण बरोबर होती की."

मामा मोठ्यानं हसला. अण्णांचे कान लाल झाले. साठ वर्षांच्या पुढाऱ्याचे कान लाल होताना पाहणं हा मला चळवळीनं दिलेला सर्वांत मोठा आनंद.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," अण्णा म्हणाले.

"तुमी रविवारी एवढ्या पोरांना शिकवत होतासा. मधे कशाला बोलू?"

अण्णा उठले, न्हाणीत गेले, काच उजेडात धरून उभे राहिले. एकोणीस वर्षांच्या पोराकडे बघत होते की अक्षरांकडे, मला माहीत नाही. बाहेर येऊन मामाला म्हणाले, "राहू दे. हात नको लावूस."

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सांगितलं: फलकात तीन चुका आहेत, मी कानडी शाळेत शिकलो, फोटो आहे तसा छापा आणि खाली हे लिहा. परशराम म्हणाला, "अण्णा, तुमच्याबद्दल आदर हायच. पण मुखपृष्ठावर अशुद्ध मराठी? अस्मितेचा प्रश्न हाय." (मी तिथेच बसले होते.) मामाचा पाच मिनिटांचा उपाय त्यालाही सुचला. अण्णांनी नाही म्हटलं. मग सर्वानुमते ठरलं की तांत्रिक कारणास्तव मुखपृष्ठावर अध्यक्षांचा हार घातलेला फोटो घ्यावा. स्मरणिका अण्णांच्या साठीची होती. आत सतराव्या पानावर अण्णा सापडतात, आधार कार्डावरच्या चेहऱ्यानं. दुर्मीळ छायाचित्राचा फ्लेक्स वारा येईपर्यंत तसाच राहिला.

मग आमच्या घरात जे सगळ्यात चांगलं येतं ते केलं. पत्रक काढलं. एकच पान, वर तो फोटो, सुरकुत्यांसकट, कोपऱ्यावर 'भगिनींनो'च्या ठशासकट. मजकूर लिहायला मी बसले आणि पहिल्यांदाच अडले. मला निषेध लिहिता येत होता, आवाहन येत होतं, जाहीर इशारा तर झोपेत येत होता. साधं झालं ते सांगणं कुणी शिकवलं नव्हतं. चार वेळा फाडलं. शेवटी शीर्षक ठेवलं 'जाहीर खुलासा', आणि खाली नऊ ओळी, एकही उद्गारचिन्ह नसलेल्या. सातवी ओळ त्या पेंटरसाठी होती: त्याचं नाव मी छापलं होतं, आता माझं छापते, चूक माझी होती. मसुदा अण्णांना दाखवला. त्यांनी एक ओळ वाढवली, आपल्या शाळेची, आणि रक्ताबद्दल काही बोलले नाहीत.

पत्रक सकाळी गल्लीत वाटलं. नऊच्या सुमाराला दाराशी एक गृहस्थ आले, वरच्या आळीतले, निवृत्त मास्तर. अण्णांच्या पत्रकांचे जुने वाचक. पत्रक त्यांनी दोन बोटांत, मेलेल्या पालीसारखं धरलं होतं. मजकूर वाचलेला नव्हता, हे उघड होतं. आमच्याकडे फोटो असला की मजकूर कुणी वाचत नाही.

"अण्णासाहेब," ते पायरीवरूनच म्हणाले, "भयंकर झालंय. फोटोत वेलांट्या चुकल्यात. तीन! प्रेसवाल्यानं नाक कापलं तुमचं. आत्ताच्या आत्ता परत छापून घ्या."

आमच्या गावात छपाईतली चूक नेहमी प्रेसची असते. तशी रीतच आहे. त्यासाठी तर प्रेस असते. अण्णांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मास्तर समाधानानं घरी गेले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं प्रेसला शिव्या घातल्या असत्या. मी दाराआड उभी राहून वाट पाहिली.

"प्रेसचं काय चुकलं न्हाय, मास्तर," अण्णा म्हणाले. "हात माझाच हाय. या आत, बसा. माझी शाळा कुठली, ते सांगतो."